मसुराएवढं

सकाळी साडेसातला शिशाची डबी आली.
आत साखर, साखरेत दिवा,
आणि दिव्याचं आयुष्य असं
की एकशे दहा मिनिटांत अर्धं,
मग उरल्याच्या अर्धं,
मग त्याच्याही.
माझ्या कामात उशीर हा शब्द नाही,
विझणं आहे.

बाहेर उणे एकवीस. कल्लावेसी तळं
या काठापासून त्या काठापर्यंत गच्च पांढरं,
आणि सिस्को हुत्तुनेन, वय एकाहत्तर,
तेहतीस वर्षं बेटांवर टपाल वाटलेली,
ओल्या केसांनी आत आली.
बाही वर केली, एक शीर दाखवली:
"ही घ्या. बाकीच्या केमोत गेल्या."

"आता बोलू नका," मी म्हटलं,
"बोललात तर साखर घशात जाईल."
जे राबतं त्याला साखर,
शरीराचा साधा न्याय.
गाठही राबते, रात्रंदिवस, कुणी न सांगता.
म्हणून तर सापडते.

तास गेला. मग बोगदा.
आत कुठेतरी एक कण दुसऱ्याला भेटतो, दोघंही संपतात,
आणि दोन किरण पाठीला पाठ लावून सुटतात
वाटणीवरून भांडलेल्या भावांसारखे.
यंत्र त्यांच्या वाटा उलट्या मोजत जातं,
ज्या घरातून निघाले तिथवर.
जुनं यंत्र हेच काम तुकड्यातुकड्यानं करायचं, अर्धा तास.
हे एका दमात करतं. सात मिनिटं.

पडद्यावर सिस्को आली.
मेंदू लख्ख (तो नेहमीच असतो),
आणि मानेभोवती, दोन्ही खांद्यांवर,
कण्याच्या दोन्ही अंगांनी खाली उतरलेली
एक पेटलेली शाल.

डॉक्टर लुमिकांगास काही बोलल्या नाहीत.
नुसती खुर्ची पुढे ओढली.
लिम्फोमा इथेच तर परततो,
मानेत, गळ्याच्या हाडामागच्या खळगीत.
पण डावं-उजवं फारच सारखं होतं.
आजार इतका नीटनेटका नसतो.

मी आत जाऊन विचारलं, "सकाळी काय केलंत?"
"काय करणार? रोजचंच.
बर्फातल्या भोकात उतरले. मग पायी इथवर."

तपकिरी चरबी. तान्ह्या बाळांत असते,
आणि असल्या बायकांत:
गारठ्यात शरीर स्वतःच पेटवतं ती शेगडी.
आम्ही तिघी हसलो.
"गाठ नाही, हा तुमचा हट्ट आहे," डॉक्टर म्हणाल्या.

पुढच्या मंगळवारी तळ्याला सुट्टी.
टॅक्सी, लोकरी मोजे, तापवलेली ब्लँकेटं, एक गोळी.
शाल गेली.
मान काळीभोर, निवांत.
आणि डाव्या खळगीत, शालीचा काठ होता तिथे,
मसुराएवढं काहीतरी
एकटंच चमकत होतं.

जुन्या यंत्राला हे दिसलंच नसतं.
एरवी हे वाक्य मी पाहुण्यांना ऐकवते.

सिस्कोनं विचारलं, "मागच्या आठवड्यात होतं?"

मी मागची चित्रं उघडली.
होतं. शालीच्या काठाला एक टाका
बाकीच्यांहून जरा उजळ.
त्यावरून माझी नजर गेली होती. हसत गेली होती.
अंधारात चुकले असते तर काही सांगता आलं असतं.
मी उजेडात चुकले.

"होतं," मी म्हटलं.
तिनं ब्लँकेटची घडी घातली,
टपालवाल्यांची घडी, कोपऱ्याला कोपरा.
"सुई कधी?"
"सोमवारी."
"म्हणजे रविवारपर्यंत पोहता येईल."
मग मी छापील वाक्य म्हटलं:
संध्याकाळपर्यंत नातवंडांना मांडीवर घेऊ नका.
"नातू सव्वीस वर्षांचा आहे," ती म्हणाली,
"ओउलूत क्रेन चालवतो. घेऊन बघते."

संध्याकाळी सहाला सवयीनं हिशोब केला:
तिच्यातला आमचा दिवा आता
चाळिसाव्या हिश्श्याहूनही कमी.
मसुराचा हिशोब उलटा चालतो.
तो निम्मा होत नाही.

कोट घातला, पुन्हा काढला,
आणि सोमवारच्या यादीत
तिचं नाव चार ओळी वर सरकवलं.